मरणाचा हाउस रूल, अपडेट 4: 0 एचपीवर उभा असलेला बार्बेरियन

डंजन्स अँड ड्रॅगन्स (फाशांवर चालणारा भूमिका-खेळ) खेळवताना मी घातलेला हाउस रूल, म्हणजे घरचा नियम, पार झोपला.

मागच्या वेळी मी मोठ्या तोऱ्यात लिहिलं होतं की यो-यो हीलिंगचा (0 एचपीला, म्हणजे जीवाचे गुण संपले की पडायचं, जरासं बरं होऊन उठायचं, पुन्हा पडायचं) बंदोबस्त झाला: जो बेशुद्ध पडेल त्याला एक लेव्हल एक्झॉशन, म्हणजे थकव्याची एक पायरी. तीन सेशन सगळे सुतासारखे सरळ. क्लेरिक (पार्टीतली बरं करणारी) चक्क कुणी पडायच्या आधीच हील करू लागली. मी स्वतःची पाठ थोपटून घेतली.

मग आमचा झेलट (बार्बेरियन योद्ध्याचा एक उपप्रकार) 14 लेव्हलला पोचला. (खेळतो 2014 च्या नियमांवर.) रेज बियॉन्ड डेथ ही त्याची नवी क्षमता, म्हणजे रेज (बार्बेरियनचा लढाईतला संताप) चालू असेपर्यंत 0 एचपीला तो बेशुद्धच पडत नाही. आणि माझ्या नियमात शब्द कोणता? ‘बेशुद्ध’. कपाळ!

परवा गड्याचे तिन्ही डेथ सेव्ह (0 एचपीला जगण्या-मरण्याचे फासे; तीन फेल म्हणजे मरण, याला मात्र रेज संपल्यावरच) गेले. मी तीन लाल मणी टेबलावर मांडले (शीटवरच्या, म्हणजे पात्राच्या कागदावरच्या, गोलांपेक्षा मणी केव्हाही बरे, मरण डोळ्यांना दिसतं) आणि हा कुऱ्हाड फिरवतोच आहे. रेज संपायच्या आत क्लेरिकने 60 फुटांवरून हीलिंग वर्ड हा बरं करणारा मंत्र टाकला. डी4 वर (चार बाजूंच्या फाशावर) 1, अधिक तिचा बोनस 5. सहा एचपी. एकही एचपी परत आला की फेल पुसले जातात, त्यामुळे मणी त्यानेच उचलून डबीत टाकले, एकेक करून, माझ्याकडे बघत.

मॅसिव्ह डॅमेजने (एका घावात मॅक्स एचपीइतकं नुकसान) मरेल, पण त्याचा मॅक्स एचपी दीडशेच्या वर. हिऱ्यांची टंचाई केली होती, तीही वाया: झेलटला मरणातून उठवताना रिव्हिव्हिफाय मंत्राचे 300 जीपीचे (सोन्याच्या नाण्यांचे) हिरे लागतच नाहीत.

तर ‘बेशुद्ध’ काढून ‘0 वर आला की’ लिहायचं. पण मग अख्खा रेज 0 वर नाचला तरी एक्झॉशन एकच. पाथफाइंडर 2 या दुसऱ्या खेळातलं वूंडेड उचलावं का? पडशील तितकं पुढचं मरण जवळ. मला तरी ते जास्त प्रामाणिक वाटतं.

थांबा. हे लिहितानाच सुचलं: स्लीप! 1 लेव्हलचा झोपवणारा स्पेल. 5डी8 (आठ बाजूंचे पाच फासे) एचपीपुरते झोपतात, सेव्ह (वाचायचा फासा) नाही, सर्वांत कमी एचपीवाल्यापासून सुरुवात, आधीच बेशुद्ध असलेले वगळून. हा तर 0 वर शुद्धीत उभा! झोपला की रेज संपला, तीन फेल शिल्लक, खेळ खलास. हाउस रूलची गरजच नाही. खलनायकाच्या जादूगाराला आत्ताच स्लीप दिला.

एचपी तपासायला बार्बेरियनची शीट काढली. वरच लिहिलंय: हाफ-एल्फ. फे अँसेस्ट्री, जादूने झोपत नाही.

वूंडेडचा मसुदा करायला घेतोय.