फुली मारलेली खोली आमची

ताजमहालाचं पोस्टकार्ड कोणी पाठवलं तर समजू शकतं, नायगाराचंही समजू शकतं, पण जिथे फक्त रात्रीचं अंग टाकलं आणि सकाळी चहा घशाखाली ढकलून बॅगा डिकीत कोंबून निघालो, त्या हायवेकडेच्या बैठ्या खोल्यांचं, म्हणजे मोटेलचं, रंगीत चित्र कोणी मावशीला पाठवतं का? अमेरिकेत पाठवायचे. ढिगांनी पाठवायचे. इथल्या अँटिक मॉलमधे बुटांच्या खोक्यांतून राज्यवार लावलेली ही कार्डं असतात आणि मी तिथे गेलो की बायको सरळ कॉफी प्यायला निघून जाते, कारण तिला माहितीये हा आता तासभर काही हलत नाही.

मला आवडतात ती लिहिलेली कार्डं. समोर मोटेलचा फोटो, त्यातल्या एका खिडकीवर पेनाने फुली, आणि मागे लिहिलेलं असतं की फुली आहे ती आमची रूम. बाकी मजकूर म्हणाल तर सुखरूप पोचलो, गाडीने त्रास दिला नाही, उकडतंय फार, पोरं पूलमधून बाहेर यायला तयार नाहीत. आपल्या खुशालीच्या कार्डांत तरी वेगळं काय असायचं, फक्त आपलं कार्ड पिवळं आणि कोरं, धर्मशाळेचा फोटो त्यावर छापायचं कोणाच्या डोक्यात आलं नाही एवढंच.

मोटेलवाल्यांच्या मात्र आलं. कार्डं खोलीतल्या टेबलाच्या खणात लेटरपॅडसोबत ठेवलेली असायची, फुकट. पाहुणा बिचारा खुशाली कळवायला तेच उचलणार, वर स्वतःचा स्टॅम्प लावणार (1951 संपेपर्यंत एका सेंटात कार्ड जायचं), म्हणजे जाहिरात मालकाची आणि टपालखर्च गिऱ्हाइकाचा! पहिलं मोटेल 1925 मधे कॅलिफोर्नियात सॅन लुइस ओबिस्पोला निघालं, पुढच्याच वर्षी रूट 66 या लांबलचक हायवेला त्याचा नंबर मिळाला, आणि मग घरटी गाडी यायला लागली तशी रस्त्याच्या कडेने ही मोटेलं उगवतच गेली. गल्लोगल्ली स्पर्धा म्हटल्यावर कार्ड हवंच.

ही कार्डं छापणाऱ्यांत सगळ्यात मोठं नाव म्हणजे शिकागोची कर्ट टाइक कंपनी, 1898 ते 1978. त्यांची तीस-चाळीसच्या दशकातली 'लिनन' कार्डं हातात घेतली की आधी बोटांना कळतं, कागदावर कापडासारखी उभीआडवी वीण उठवलेली असते, त्याने शाई लवकर वाळायची आणि रंग भडक बसायचे. गंमत म्हणजे मूळ फोटो ब्लॅक अँड व्हाइट. कंपनीचा सेल्समन गावोगाव फिरून फोटो काढणार, वर पातळ कागद लावून छप्पर हिरवं, दार लाल असं लिहून पाठवणार, आणि तिकडे शिकागोत बसलेला आर्टिस्ट, ज्याने ते गाव जन्मात पाहिलेलं नाही, तो रंग भरणार. वाटेत आलेले टेलिफोनचे खांब आणि तारा पुसायच्या, उघड्या मातीवर लॉन उगवायचं, वर किराणा दुकानाच्या कॅलेंडरवर देवामागे असतं तसलं निळं-गुलाबी आकाश चढवायचं. मालक खूष. त्या पाहुण्याला खिडकीतून उजाड माळ दिसत असणार आणि तरी त्याने त्याच चित्रावर इमानदारीत फुली मारलीये, हे मला फार आवडतं.

कार्डावर बारीक नंबर असतो त्यावरून सालही काढता येतं. 'ए' अक्षर म्हणजे तीसचं दशक, 'बी' चाळीसचं, 'सी' पन्नासचं, आणि अक्षराआधीचा आकडा म्हणजे त्यातलं वर्ष, म्हणजे 1बी दिसलं की 1941. हे कळल्यापासून मी जरा जास्तच शहाणा झालोय, दुकानात शेजारी उभ्या अनोळखी माणसालाही सांगतो.

युद्धानंतर खरे रंगीत गुळगुळीत फोटो आले. तेव्हा मिरवायचं काय तर टाइल्सची बाथरूम, खोलीत टीव्ही, एसी. न्यू मेक्सिकोत टुकुमकारीला 1939 चं ब्लू स्वॅलो मोटेल आहे, त्याच्या निऑनच्या पाटीवर शंभर टक्के थंडगार हवा असं छातीठोक लिहिलेलं. नव्याण्णव टक्के देणारा कोण होता देव जाणे.

पण कार्डावरचं 'वेलकम' सगळ्यांसाठी नव्हतं. काळ्या प्रवाशांना कित्येक ठिकाणी दारातूनच परत लावायचे, म्हणून न्यूयॉर्कच्या व्हिक्टर ग्रीन नावाच्या पोस्टमनने 1936 पासून कुठे राहता-जेवता येईल याची ग्रीन बुक नावाची यादीच काढली. टपाल वाटणाऱ्यालाच ते सुचावं! अटलांटातल्या 216 खोल्यांच्या एका मोटेलचा मालक तर काळ्यांना खोली द्यायची नाही म्हणून सुप्रीम कोर्टापर्यंत गेला, 1964 मधे हरला. तेव्हा चित्रात दारं सगळी उघडी दिसली तरी फुली कोणाला मारता येत होती हे आठवून कार्ड बघावं लागतं.

पुढे 1956 च्या कायद्याने राज्याराज्यांना जोडणारे मोठे इंटरस्टेट रस्ते आले, ते गावांना वळसा घालून गेले आणि जुनी मोटेलं ओस पडायला लागली. मग सत्तरच्या दशकापासून ती घेतली कोणी? आपल्या गुजरातच्या पटेलांनी. अख्खं कुटुंब तिथेच राहून चादरी बदलण्यापासून हिशोबापर्यंत सगळं घरातच. शेजारचे लोक 'अमेरिकन ओन्ड' अशा पाट्या लावून टोमणे मारत बसले आणि पटेल मंडळी मोटेलं घेत गेली. रोड ट्रिपला निघालेल्या मराठी माणसाला काउंटरमागून फोडणीचा वास आला नाही असं क्वचितच होतं, आणि तो वास आला की आमच्या गाडीतले सगळे एकदम निवांत होतात.

या कार्डांच्या किमतीचं गणित मात्र मला पटत नाही. अ‍ॅरिझोनात होलब्रुकला सिमेंटचे मोठाले तंबू आहेत, विगवॅम मोटेल, त्याच्या कार्डाला दुकानदार तोंडाला येईल तो भाव सांगतो. साध्या मोटेलचं, त्यातून कोणीतरी लिहून खराब केलेलं, ते पन्नास सेंटच्या खोक्यात. फुली असली तर आणखी स्वस्त, डाग पडलाय म्हणतो. मी कशाला वाद घालू, पिशवी भरून घेतो.