पंधराच्या खान्यात तीसचा फ्यूज

तक्रार एका ओळीची होती. गाडी दोन दिवस उभी राहिली की तिसऱ्या दिवशी सेल्फ नुसता टकटक करतो. सात सीटर गाडी, घेऊन आठ महिने झालेले आणि एवढ्यात दुसरी बॅटरी. जुळे सोलापुरातलं कुटुंब, आजीपासून नातवापर्यंत सात माणसं. रविवारी तुळजापूरला जायचं होतं, म्हणून शुक्रवारी सकाळी शेजाऱ्याच्या गाडीवरून जंप देऊन मालक ती होटगी रोडला माझ्याकडे घेऊन आले.

मॉडेल सांगत नाही, कारण यात गाडीचा दोष नाही. बेस व्हेरिएंट घ्यायचं आणि वाचलेल्या पैशात बाहेरून ‘टॉप’ करून घ्यायचं, हा आता रिवाजच झालाय, आणि त्यात गैर काही नाही. नऊ इंची अँड्रॉइड स्टिरिओ, रिव्हर्स कॅमेरा, चार दारांत स्पीकर, ड्रायव्हरच्या सीटखाली आठ इंची ॲक्टिव्ह वूफर, डॅशकॅम, दारात रंगीत पट्ट्या, सेव्हन-डी मॅट, बकेट फिट सीट कव्हर, टपावर कॅरिअर. हे सगळं एकाच दुकानात, एकाच दिवसात बसवलेलं. एवढं काम नीट करायचं तर दोन माणसांना दोन दिवस लागतात. वेळ दिसण्यात जात नाही, वायर न्यायच्या वाटेत जातो. आणि ती वाट गिऱ्हाईक कधीच बघत नाही.

आधी बॅटरी तपासली. चार्ज करून लोड दिला, चांगली निघाली. इंजिन चालू असताना 14.1 व्होल्ट, म्हणजे बॅटरी भरणारा अल्टरनेटरही ठीक. पहिली बॅटरी बदलताना कुणी एवढं बघितलं असतं, तर दुसरीचे पैसे वाचले असते. बॅटरी उतरते म्हटल्यावर बॅटरी विकून मोकळं होणं, ही आमच्या धंद्यातली मला सगळ्यात न पटणारी गोष्ट आहे. उतरतेय म्हणजे कुणीतरी पितंय. कोण पितंय ते शोधायचं.

ते शोधायला घाई चालत नाही. बॅटरीची निगेटिव्ह केबल सोडवायची आणि केबल नि टर्मिनलच्या मध्ये मीटर घालायचा, दहा अँपिअरच्या सॉकेटात. बॉनेट उघडं आणि ड्रायव्हरचं दार उघडं ठेवून दोन्हीची लॅच स्क्रूड्रायव्हरनं दाबून बंद करायची, म्हणजे गाडीला वाटतं सगळं बंद आहे. मग किल्ली गाडीपासून लांब ठेवून अर्धा-पाऊण तास हात लावायचा नाही. गाडीतले कॉम्प्युटर एकेक करून झोपतात. पहिल्या मिनिटाला दोन-तीन अँपिअर दिसतात आणि नवखा माणूस तिथेच घाबरतो. सगळं झोपल्यावर आकडा 0.05 च्या खाली यायला हवा. इथे चाळीस मिनिटांनी 0.43 वर थांबला तो थांबलाच.

हिशेब सोपा आहे. 0.43 अँपिअर म्हणजे दिवसाला दहा अँपिअर-अवर. बॅटरी 45 ची. दोन दिवसांत वीस गेले. त्यात शाळा, भाजी मंडई असं दोन-दोन किलोमीटर चालणारी गाडी, म्हणजे बॅटरी मुळात कधी पूर्ण भरतच नाही. तिसऱ्या दिवशी सेल्फला उरणार काय?

आता फ्यूज उपसून बघायचे नाहीत. एक उपसून परत घातला की झोपलेला कॉम्प्युटर जागा होतो आणि आकडा पुन्हा चढतो. प्रत्येक फ्यूजच्या डोक्यावर दोन उघडे ठिपके असतात, त्यांवर मीटरच्या पिना टेकवून मिलिव्होल्ट बघायचे. करंट वाहत नसेल तिथे शून्य. ड्रायव्हरच्या गुडघ्याजवळच्या बॉक्समध्ये मी ओळीनं टेकवत गेलो. शून्य, शून्य, शून्य, आणि एका खान्यावर 0.7. बॅटरी पिणाऱ्याचा खाना सापडला. पण त्याच्याआधी माझी नजर फ्यूजच्या रंगावर गेली. हिरवा.

फ्यूजचे रंग पाठ असतात: लाल दहा, निळा पंधरा, पिवळा वीस, हिरवा तीस. झाकणाच्या आतल्या तक्त्यात त्या खान्यापुढे 15 छापलेलं होतं. आतला दिवा आणि सेंट्रल लॉकची लाइन, चोवीस तास चालू राहणारी. आणि फ्यूजच्या एका पायाखाली कोंबलेली एक उघडी लाल वायर खाली कार्पेटकडे, सीटखालच्या वूफरकडे गेलेली.

मालकांना विचारलं. ते अगदी सहज म्हणाले, “अण्णा, पहिल्या महिन्यात तो फ्यूज सारखा उडायलता. दुकानातल्या पोरानं मोठा टाकून दिला. तवापासून एकदापण उडला नाही बघा.”

फ्यूज वूफरसाठी नसतो, वायरसाठी असतो. वूफरला त्याचा स्वतःचा 15 चा फ्यूज पाठीवर असतोच. गाडीतला फ्यूज एवढंच बघतो की ह्या जाडीच्या वायरमधून तिला झेपेल त्यापेक्षा जास्त करंट जाऊ नये. दिवा-लॉकच्या लाइनवर भरात पंधरा अँपिअर खाणारा वूफर लटकवला, तर फ्यूज उडणारच. तो रोज उडून सांगत होता की वायर मोठी टाका किंवा वाट बदला. त्याचं तोंड बंद केलं गेलं.

दाराच्या उंबऱ्यावरची प्लास्टिकची पट्टी काढली, कार्पेट उचललं. वायर जेमतेम एक स्क्वेअर एमएमची. सोलून खरवडली तर तांबं वरच्या वर निघालं आणि आत पांढरं. ॲल्युमिनियमवर तांब्याचा मुलामा. बाजारात हीच वायर सर्रास मिळते, रीळ हातात घेतलं की हलकं लागतं त्यावरून कळते. शुद्ध तांब्यापेक्षा तिचा रोध दीडपटीहून जास्त. तीसचा फ्यूज 25 अँपिअर बिनतक्रार वाहू देतो, आणि तेवढा करंट अशा वायरीतून गेला तर मीटरमागे सतरा-अठरा वॅट उष्णता निघते. माझ्या टेबलावरचं सोल्डरिंग 25 वॅटचं आहे. म्हणजे दर दीड मीटरला एक तापलेलं सोल्डरिंग, कार्पेटच्या नमद्याखाली, वर मुलांचे पाय. लोकांना वाटतं शॉर्ट झालं की आग लागते. पूर्ण शॉर्ट झालं तर तीसचाही फ्यूज क्षणात उडतो. घात करतं ते अर्धंमुर्धं टेकणं: फ्यूजला उडवायला कमी आणि वायरीला झेपायला जास्त.

आणि टेकायला ती आलीच होती. सीट पुढे-मागे सरकते त्या रेलच्या कडेखाली वायर चेपली होती. प्लास्टिक तपकिरी पडून चपटं झालेलं, एका ठिकाणी नखाएवढं तुटलेलं, आतले चार-पाच तंतू उघडे. रेल म्हणजे बॉडी, बॉडी म्हणजे अर्थ, बॅटरीची निगेटिव्ह. मधे अंतर किती, तर पोस्टकार्डाच्या जाडीएवढं. त्यावर गुंडाळलेल्या पीव्हीसी टेपचा गोंद वितळून काळा चिकट रस झालेला. सोलापूरच्या उन्हात ही टेप कार्पेटखाली एक उन्हाळा टिकत नाही. बंद गाडीत ती शिजते. म्हणून आत मी कापडी टेप वापरतो, आणि जोड सोल्डर करून, तापवल्यावर आवळणाऱ्या श्रिंक स्लीव्हमध्ये.

बॅटरी कोण पीत होतं, तेही तिथेच कळलं. वूफरला चालू-बंद सांगणारी निळी रिमोट वायर स्टिरिओला जोडायची असते. स्टिरिओ बंद तर वूफर बंद. इथे ती तिथल्या तिथे मेनच्या लाल वायरीला पिळून टाकलेली. डॅशबोर्ड उघडून स्टिरिओपर्यंत जायचे वीस मिनिटांचे कष्ट वाचले, आणि वूफर रात्रंदिवस जागा राहिला. आवाज नाही, दिवा नाही, फक्त 0.4 अँपिअर.

वूफर उचलला आणि खाली पिवळे कप्लर, म्हणजे वायरी जोडणारे प्लग, दिसले. सीटखालचं पिवळं कप्लर म्हणजे एअरबॅगचं, सगळ्या कंपन्यांत हाच रंग. त्याला टेस्ट लॅम्प लावायचा नाही, मीटरची पिन टोचायची नाही. वूफरची लोखंडी पट्टी बरोबर त्यावर दाबून बसवलेली, कप्लर वाकडं झालेलं. “तो लाल बसलेला माणूस मीटरमध्ये कधी कधी लागतोय का?” विचारलं. म्हणाले, “हां, खड्ड्यातून गेलं की लागतोय. आपोआप जातोय.” आपोआप जातोय म्हणून सोडून दिलेलं. तो दिवा लागलेला असताना एअरबॅग उघडेलच याचा भरवसा नसतो.

बॅटरीची निगेटिव्ह काढून दहा मिनिटं थांबलो, कारण एअरबॅगच्या युनिटमध्ये चार्ज काही वेळ साठून असतो. मग कप्लर मोकळं केलं, खट् आवाज येईपर्यंत बसवलं. नंतर इग्निशन दिल्यावर दिवा काही सेकंद लागून विझला. तरी युनिटच्या मेमरीत बिघाडाचा कोड राहतोच. तो कंपनीच्या वर्कशॉपमध्ये स्कॅनरवर बघून घ्या, असं सांगितलं. एअरबॅगच्या वायरिंगमध्ये याच्यापुढे बाहेरच्या माणसानं जाऊ नये, मी जात नाही.

बाकीचं काम दुपारभर चाललं. चार स्क्वेअर एमएमची अस्सल तांब्याची वायर थेट बॅटरीवरून, पॉझिटिव्हपासून वीतभर अंतराच्या आत 20 चा फ्यूज. हे अंतर महत्त्वाचं, कारण बॅटरी ते फ्यूज एवढा तुकडा बिनसंरक्षणाचा असतो. पत्रा न पाडता कंपनीच्याच रबरी ग्रोमेटमधून आत, पूर्ण लांबी पन्हाळी स्लीव्हमध्ये. वूफर तिसऱ्या रांगेच्या मागे नेला. आधीचं अर्थिंग सीटच्या बोल्टखाली लग, म्हणजे वायरीच्या टोकाची धातूची कडी, घालून केलेलं. ते तर करूच नये. सीटचा बोल्ट सीट धरायला असतो, मधे लग आला की आवळणी खरी राहत नाही. नवीन अर्थ डिकीतल्या कंपनीच्या अर्थ बोल्टवर, रंग खरवडून, लग प्रेस करून. निळी वायर स्टिरिओपर्यंत. त्या खान्यात निळा 15. डॅशकॅमची वायर पुढच्या खांबात पडद्यासारख्या एअरबॅगवरून नेली होती, ती तिच्या मागून घेतली. वरून असली तर एअरबॅग उघडताना वायर आडवी येते, नाहीतर खांबाचं कव्हर तोंडावर उडतं. शेवटी पुन्हा मीटर, पुन्हा चाळीस मिनिटं: 0.03.

मालक खूश होते. जाता जाता पुढे लोखंडी गार्ड बसवून मागितला. तो मी बसवत नाही. डिसेंबर 2017 मध्ये केंद्रानं राज्यांना कळवून त्यावर कारवाई सुरू केली, ते एक. दुसरं म्हणजे धडकेचा सगळा अंदाज गाडीच्या पुढच्या भागाच्या चेपण्यावर बेतलेला असतो. गार्ड तो अंदाज बिघडवतो आणि धक्का चेसिसला, तिथून माणसांना. हे त्यांनी ऐकलं. पण सीट कव्हरचं ऐकलं नाही.

ते माझ्या मनातून जात नाही. पुढच्या दोन्ही सीटच्या पाठीत, दाराकडच्या बाजूला, साइड एअरबॅग आहे. सीटवर तिथे छोटा टॅग शिवलेला असतो. कव्हरखाली तो पूर्ण गाडलेला. एअरबॅगच्या गाडीसाठी कव्हर शिवतात तेव्हा त्या बाजूची शिवण मुद्दाम कच्च्या दोऱ्याची ठेवतात किंवा ती बाजू उघडीच सोडतात, म्हणजे काही मिलिसेकंदांत एअरबॅग फाडून बाहेर येते. हे कव्हर जाड रेक्झिनचं, आत फोम, बाहेरच्या कडेला नायलॉनची दुहेरी शिवण. अशा पोत्यातून एअरबॅग एकतर अडकते, नाहीतर भलत्या बाजूला फुटते.

मी दोन उपाय सांगितले. पुढची दोन कव्हरं काढून टाकायची, वीस मिनिटांचं काम, पैसे नको. किंवा रेक्झिनवाल्याकडून बाहेरची बाजू उसवून, काठ दुमडून इलॅस्टिक घालून घ्यायची, दोन तासांचं काम. घरात आपल्याच गावचा टेरी टॉवेल असेल तर पाठ मोकळी सोडून बसायच्या जागेवर अंथरा, मे महिन्यात रेक्झिनपेक्षा तोच बरा, हेही सांगितलं.

“साडेआठ हजार दिलेत अण्णा. पुढच्या दोन उघड्या न मागच्या झाकलेल्या, कसं दिसंल ते? तुळजापूर करून येऊ द्या, मग बघू.”

बिलाच्या खाली मी लिहून दिलं: पुढील दोन्ही सीटच्या कव्हरमुळे साइड एअरबॅगला अडथळा, काढण्यास सांगितले. त्यांची सही घेतली. कागद डॅशबोर्डच्या कप्प्यात गेला. वायरिंगच्या बाबतीत मी त्यांना विचारलं नव्हतं. धोका होता म्हणून जुनी वायर सरळ उपटून टाकली आणि त्यांनी आनंदानं पैसे दिले. कव्हरच्या बाबतीत मात्र परवानगी मागत बसलो. वायर जळालेली दिसते, वास येतो, काळा रस बोटाला लागतो. कव्हरमध्ये वाईट दिसण्यासारखं काही नसतं. सुंदर शिवलेलं असतं. दोन्हींत माणसाचाच जीव आहे, मग मी एकीकडे आग्रही आणि दुसरीकडे सहीपुरता का झालो, याचं उत्तर मला अजून मिळालेलं नाही. गाडी अडवून ठेवायचा मला अधिकार नाही, हे खरं. पण एक क्लिप ओढून “आजींना विचारू” एवढं तरी म्हणता आलं असतं.

गुरुवारी मालकांचा फोन आला. सोमवारपासून गाडी जागची हलली नव्हती, आज एका सेल्फला सुरू झाली. लाल दिवाही परत लागला नाही. तुळजापूरला जाऊन-येऊन नव्वद किलोमीटर, वाटेत वूफर भरपूर वाजवला, फ्यूज जागच्या जागी. कव्हरचं पुढच्या आठवड्यात बघतो म्हणाले.

तुळजापूरला जाताना आजी कुठं बसल्या होत्या, मी विचारलं.

“गुडघे दुमडत नाहीत की त्यांचे. पुढंच बसतेत त्या.”