जकात नाक्याच्या पुढे

रविवारी घरी बसून कंटाळा आला की मी पीएमपीचा, म्हणजे पुण्याच्या सिटी बसचा, दिवसाचा पास काढतो आणि जी गाडी सगळ्यात लांब जाणारी दिसेल तिच्यात बसतो. काम काहीच नसतं. घरच्यांना हे अजून पटलेलं नाहीये, दारात स्कूटर उभी असताना हा माणूस पैसे देऊन धक्के खायला का जातो म्हणून. पासाचेही दोन प्रकार आहेत बरं का, पुणे आणि पिंपरी-चिंचवडच्या हद्दीत फिरायचं असेल तर 70 रुपये आणि बाहेर जायचं असेल तर 150. म्हणजे शहर नक्की कुठे संपतं यावर आपण कट्ट्यावर तासभर भांडतो आणि कंडक्टर एका प्रश्नात विषय संपवतो, "हद्दीतला देऊ का बाहेरचा?"

लहानपणी हद्द कळायला पास लागत नसे, शहरात येणाऱ्या मालावर कर घेणारा जकात नाका दिसला की कळायचं. माझी आत्या लोणीला राहायची (लोणी म्हणजे काळभोर, नगर रोडवरची लोणीकंद वेगळी, चुकीच्या लोणीला जाऊन संध्याकाळी उगवलेले पाहुणे आमच्या नात्यात आहेत), त्यामुळे मे महिन्यात पुलगेटवरून पीएमटी (तेव्हाची पुण्याची सिटी बस) पकडायची हे ठरलेलं. कंडक्टर पंच टकटक वाजवत यायचा, बोटभर कागदी तिकीट हातात पडायचं आणि ते घामाने भिजून उतरेपर्यंत लगदा. भैरोबा नाला मागे पडला की आई म्हणायची, चला आलो गावाबाहेर. आज भैरोबा नाल्याला गावाबाहेर म्हणून दाखवा, तिथले फ्लॅटवाले तुम्हाला भाव ऐकवतील. मग हडपसर सुटलं की नाका. ट्रकची ही मोठी रांग, ड्रायव्हर खाली उतरून चहा पितायत, कुणीतरी कागद घेऊन खिडकीकडे पळतंय, आणि आपली बस त्या सगळ्यांच्या बाजूने दिमाखात निघून जायची, आपल्याला काही भरावं लागत नाही याचा मला उगाच अभिमान वाटायचा. त्यापुढे ऊस आणि कांदा आणि मध्येच एखादी विहीर, की लगेच हवेचा वास बदलायचा.

पुण्यातली जकात 2013 ला गेली, तिच्या जागी एलबीटी (स्थानिक संस्था कर) आला, पुढे तोही गेला. शेवाळवाडीच्या नाक्याच्या जागेत आता पीएमपीचा डेपो आहे, ट्रक थांबायचे तिथे बस थांबतात. आणि 2021 मध्ये जी 23 गावं मनपात आली त्यात खुद्द शेवाळवाडी आहे, मांजरी बुद्रुक आहे, म्हणजे जो नाका शहराची वेस होता त्याच्या अलीकडचं पलीकडचं सगळं आता आतच. 70 च्या पासात बसतं!

पण मला खरी मजा येते ती स्टॉपच्या नावांत. बाहेर बघितलं तर शोरूम, हॉस्पिटल, काचेच्या बिल्डिंगा, आणि स्टॉपचं नाव काय, तर रामटेकडी, वैदुवाडी, गाडीतळ, पंधरा नंबर, मांजरी फार्म. मगरपट्ट्याचं तर अजबच. मगर मंडळींनी आपापली शेतं एकत्र करून सुमारे चारशे एकरांवर अख्खी टाउनशिप उभी केली, जमीन विकून मोकळे झाले नाहीत, आणि तिथे संगणकावर बसलेली देशभरातली पोरं दिवसातून चार वेळा या शेतकऱ्यांचं आडनाव घेतात. अर्थात सगळीकडे असं झालं नाही. बाकीच्या ठिकाणी आडनाव राहिलं ते फक्त चौकाच्या पाटीवर.

हडपसरला माउलींची पालखी दिवेघाटाकडे वळते आणि तुकोबांची सोलापूर रोडने पुढे लोणीला जाते, त्यामुळे या फाट्यावर बस हळू झाली की मला जूनशिवायही वारी आठवते. पुढे कदमवाकवस्ती, मग लोणी. आत्याचं घर कुठे होतं ते मला बसमधून आता ओळखू येत नाही, तेलाच्या टँकरची रांग मात्र ओळखू येते. रांगेशिवाय या रस्त्याला करमतच नाही बहुतेक.

परवा उरुळी कांचनपर्यंत गेलो. 1946 साली गांधीजींनी इथे निसर्गोपचार सुरू केले, तो आश्रम आजही चालू आहे, पुण्याचे दमलेले लोक तिथे जाऊन माती लावून पडतात. मी गेलो नाही, स्टँडजवळ भजी खाल्ली. परत निघालो तर तीच गाडी, तोच कंडक्टर. शेजारी एक आजी मेथीच्या जुड्यांचं गाठोडं घेऊन बसलेल्या, त्यांनी हडपसरपर्यंत मला दोन जुड्या विकल्या आणि वर विचारलं, कुणाकडं गेला होतात? कुणाकडंच नाही म्हणालो. त्यांनी एकदा माझ्याकडे बघितलं, मग कंडक्टरकडे. तो म्हणाला, "अहो आज्जी, त्यांचा पास आहे."