जोडीचे तिकीट

22 सप्टेंबर 2024 या रविवारी आमच्या पुण्यातल्या घरात जेवणाची वेळ पुढे ढकललेली होती, कारण बरोबर बारा वाजता कोल्डप्ले या ब्रिटिश बँडच्या नवी मुंबईतल्या कार्यक्रमांची तिकीटविक्री सुरू होणार होती. माझी एकोणीस वर्षांची मुलगी लॅपटॉपसमोर बसली होती, मी माझा फोन घेऊन तिच्या शेजारी होते आणि तिचे बाबा त्यांचा फोन घेऊन खिडकीपाशी उभे होते, कारण आमच्या घरात रेंज तिथेच सर्वांत चांगली येते. बाराच्या सुमारास तिकिटांचे ॲप बंद पडले. ते पुन्हा सुरू झाले तेव्हा माझ्या पुढे सहा लाखांहून अधिक माणसे रांगेत असल्याचा आकडा पडद्यावर आला. दीड-दोन तास तो आकडा हळूहळू उतरत राहिला आणि मग सर्व तिकिटे संपल्याची सूचना झळकली. मुलीने काही न बोलता लॅपटॉप मिटला आणि ती ताटे घ्यायला उठली. त्या दिवशी ती एकदाही चिडली नाही, आणि तेच मला अधिक लागले.

त्या दुपारी सुमारे 1.3 कोटी लोकांनी तिकिटासाठी प्रयत्न केल्याचे नंतर जाहीर झाले. सर्वांत स्वस्त तिकीट 2,500 रुपयांचे होते, मैदानात उभे राहून ऐकण्याचे 6,450 रुपयांचे आणि लाउंजमधले 35,000 रुपयांचे. हे झाले छापील भाव. काही तासांतच परदेशी पुनर्विक्री संकेतस्थळांवर हीच तिकिटे लाखांच्या घरात दिसू लागली. पुढे मुंबई पोलिसांच्या आर्थिक गुन्हे शाखेने चौकशी केली आणि ऑक्टोबरमध्ये ईडीने मुंबई, दिल्ली, बेंगळुरू यांसारख्या शहरांत छापे घातले. पण ज्यांनी रविवारची दुपार रांगेत घालवली त्यांच्या हाती त्यातून काही आले नाही.

तिकिटे एवढी का महागली, हे समजून घ्यायचा मी पुढचे काही आठवडे प्रयत्न केला. आमच्या तरुणपणी गायक आणि वाद्यवृंद कॅसेट आणि सीडी विकून कमावत आणि दौरा हा त्या विक्रीची जाहिरात असे. आता हे गणित उलटे झाले आहे. दरमहा थोड्याशा पैशांत जगातले जवळपास सगळे संगीत फोनवर मिळते, त्यातून कलाकाराच्या वाट्याला एका ऐकण्यामागे अगदी किरकोळ रक्कम येते, आणि मोठी कमाई दौऱ्यावरच करावी लागते. अमेरिकी गायिका टेलर स्विफ्टच्या 149 कार्यक्रमांच्या दौऱ्याने दोन अब्ज डॉलरहून अधिक रकमेची तिकिटे विकली. ध्वनिमुद्रणाच्या प्रती हव्या तेवढ्या काढता येतात, परंतु एका संध्याकाळच्या स्टेडियममधल्या जागा वाढवता येत नाहीत, आणि नेमक्या त्या तुटवड्यावर आता सगळा बाजार उभा आहे. ऑगस्ट 2024 च्या अखेरीस ब्रिटनमध्ये ओएसिस या बँडच्या तिकिटांची विक्री सुरू झाली तेव्हा सुमारे 148 पौंडांचे उभ्याचे तिकीट, लोक रांगेत असतानाच, 355 पौंडांवर गेले. मागणी पाहून भाव वाढवण्याची ही रीत विमानाच्या तिकिटांमुळे आपल्याही ओळखीची आहे. मात्र विमानात बसणारा माणूस कुठेतरी पोहोचण्याची किंमत मोजत असतो. इथे ज्याचे प्रेम अधिक त्याच्याकडून अधिक वसूल केले जाते, आणि हे मला मनापासून अन्यायाचे वाटते.

आमच्या नातेवाइकांच्या गटावर त्या आठवड्यात या विषयावर बरीच चर्चा झाली. ‘एवढे पैसे देऊन गोंगाट ऐकायचा?’ असा एकंदर सूर होता. मुले गाण्यासाठी जात नाहीत, फोटो काढण्यासाठी जातात, असेही कोणी लिहिले. माझी मुलगी बारावीच्या वर्षात रात्री अभ्यास करताना जी गाणी लावायची, ती मी भिंतीपलीकडून रोज ऐकलेली आहेत. तिच्या एकटेपणात त्या गाण्यांनी तिला जी सोबत केली, ती दुसऱ्या कोणाला करता आली नसती, मलाही नाही. त्यामुळे ‘हल्लीच्या मुलांची आवड’ हे शब्द तुच्छतेने उच्चारले गेले की मला ते सहन होत नाहीत. भावगीतांवर वाढलेल्या माझ्या आईलाही आमचे इंडीपॉप असेच कर्कश वाटत होते.

पण आवड लागते कशी, याचा विचार करू लागले की मला माझ्या बाबांचा हात आठवतो. मी आठ-नऊ वर्षांची असताना त्यांनी मला पहिल्यांदा सवाई गंधर्व महोत्सवाला नेले. पंडित भीमसेन जोशी यांनी आपल्या गुरूंच्या स्मरणार्थ 1953 मध्ये सुरू केलेला हा महोत्सव तेव्हा रात्रभर चालत असे. डिसेंबरची थंडी, सतरंजी, आईची जुनी शाल, थर्मासमधला चहा आणि मांडवाच्या कडेने येणारा बटाटेवड्यांचा वास एवढेच मला पहिल्या वर्षीचे आठवते, कारण बाकीचा वेळ मी बाबांच्या मांडीवर झोपलेली होते. पहाटे त्यांनी मला हलवून जागे केले आणि ‘आता ऐक’ एवढेच सांगितले. भीमसेनजींचा आवाज मांडवभर पसरला होता. त्यातले मला काहीही कळले नाही, पण मी पुन्हा झोपले नाही. अगदी शेवटी सवाई गंधर्वांची ध्वनिमुद्रित ठुमरी लावली गेली आणि मांडवातली सगळी माणसे स्तब्ध झाली, हेही मला आठवते.

मला गाण्याची आवड आहे म्हणून बाबांनी मला नेलेले नव्हते. मला ती नव्हतीच. त्यांना जायचे होते आणि मुलीला सोबत नेणे त्यांच्या कारकुनी पगारात बसत होते, एवढेच. भारतीय बैठकीचे तिकीट असे होते की एक मूल झोपून गेले तरी पैसे वाया गेल्याची हळहळ वाटू नये. बाहेर रस्त्यावर, कर्ण्याच्या आवाजाखाली उभे राहून फुकट ऐकणारेही पुष्कळ असत आणि त्यांच्यातले काही माझ्या बाबांपेक्षा अधिक जाणकार होते. गणेशोत्सवात चौकाचौकांत चालणारे वाद्यवृंदही असेच, येता-जाता थांबून ऐकण्याचे. न आवडणारे, न कळणारे संगीत केवळ कोणाच्या तरी सोबतीने कानांवर पडण्याची ही मुभा होती, आणि माझी बरीचशी आवड त्या मुभेतून तयार झाली आहे.

साडेसहा हजारांच्या तिकिटात ही मुभा उरत नाही. एवढे पैसे मोजून कोणी आपल्या आईला, धाकट्या भावाला किंवा आजोबांना ‘चला, बघू तरी’ म्हणून नेत नाही. ज्याला प्रत्येक गाणे आधीच पाठ आहे तोच तिकीट काढतो, त्याच्या शेजारी त्याच्याच वयाचा आणि त्याच्याच आवडीचा माणूस उभा राहतो, आणि घरातल्या बाकीच्यांना ते संगीत बंद दाराआडून ऐकू येणारा आवाज म्हणूनच माहीत राहते. पिढ्यांच्या आवडी वेगळ्या असणे स्वाभाविक आहे. त्या एकमेकींना कधी भेटूच नयेत अशी व्यवस्था मात्र आपण पैशांनी उभी केली आहे.

मला हे इतके खात्रीने म्हणता येते, कारण नोव्हेंबरमध्ये आमच्या बाबतीत उलटे घडले. कोल्डप्ले आपल्या दौऱ्यात प्रत्येक ठिकाणी थोडी तिकिटे अगदी कमी दरात विक्रीला काढते. भारतात ती 2,000 रुपयांना होती आणि 22 नोव्हेंबरला दुपारी बारा वाजता खुली झाली. त्यांना दोन अटी होत्या. तिकिटे जोडीनेच घ्यायची, आणि जागा कुठे आहे हे तिकीट प्रत्यक्ष हातात घेईपर्यंत कळणार नाही. माझ्या मुलीला या वेळी ती मिळाली. तिच्या मैत्रिणींपैकी काहींनी आधीच महागडी तिकिटे काढलेली होती, काहींच्या परीक्षा होत्या. रात्री जेवताना ती म्हणाली, “आई, दुसरं तिकीट आहेच. तू येतेस का?” 6,450 रुपयांचे तिकीट असते तर तिने मला विचारले नसते आणि मीही हो म्हटले नसते.

19 जानेवारी 2025 च्या दुपारी आम्ही नेरूळला उतरलो. स्टेशनपासूनच गर्दी एका दिशेने वाहत होती. आत शिरताना प्रत्येकाला मनगटावर बांधायला दिव्यांचा एक पट्टा दिला होता, जो कार्यक्रम संपल्यावर परत करायचा होता. आमच्या जागा खूप उंचावर, रंगमंचाच्या एका बाजूला होत्या आणि तिथून गायक बोटाच्या पेराएवढा दिसत होता. अंधार पडल्यावर पहिल्या मोठ्या गाण्याला हजारो पट्टे एकाच वेळी पिवळे झाले, आणि मी स्वतःच्या मनगटाकडे पाहिले तर तेही पिवळे होते. मला त्या रात्रीची निम्म्याहून अधिक गाणी येत नव्हती. पण भिंतीपलीकडून ऐकलेली चार-पाच गाणी मी लगेच ओळखली आणि त्यांतले एक सुरू होताच मुलीने माझा हात इतका घट्ट धरला की माझी बांगडी रुतली. बारावीच्या वर्षातल्या रात्रींबद्दल ती माझ्याशी कधीच बोललेली नव्हती. परतीच्या लोकलमध्ये, बसलेल्या आवाजात, ती पनवेलपर्यंत बोलत राहिली.

मोठ्या कार्यक्रमांच्या आयोजकांनी प्रत्येक वेळी काही जागा अशा जोडीच्या आणि परवडणाऱ्या ठेवाव्यात, त्या नावावर द्याव्यात आणि पुनर्विक्रीला पूर्ण बंद कराव्यात, असे मला फार वाटते. त्यांच्या एकूण उत्पन्नात त्याने फारसा खड्डा पडणार नाही. सरकार स्टेडियमसाठी पोलीस बंदोबस्त देते आणि रेल्वे जादा गाड्या सोडते, तेव्हा बदल्यात एवढी अट घालणे गैर ठरणार नाही.

26 जानेवारीला अहमदाबादचा कार्यक्रम थेट दाखवला जाणार होता. त्या संध्याकाळी बाबा आमच्याकडे होते. मुलीने टीव्ही लावला, आवाज बेताचा ठेवला आणि आजोबांच्या खुर्चीशेजारी खाली बसली. बाबांनी बराच वेळ काहीच विचारले नाही. मग ते पुढे झुकून म्हणाले, “एवढ्या आवाजात याला सूर सापडतो कसा? तंबोरा तर कुठे दिसत नाही.” तिने गायकाच्या कानातले ते छोटेसे यंत्र त्यांना पडद्यावर दाखवले आणि त्यातून त्याला स्वतःचा आवाज आणि वाद्ये वेगळी ऐकू येतात, असे समजावून सांगितले. बाबांनी चष्मा पुसून पुन्हा लावला आणि तिला आवाज थोडा वाढवायला सांगितला.