तुम्ही विचारलंत म्हणून: मंडळ नाही, मग ऑफिस कशाला?

लग्नाच्या पंगतीत असो की बँकेच्या रांगेत, मी वित्त व लेखा सेवेत होतो हे कळलं की पुढचा प्रश्न ठरलेला. विदर्भ, मराठवाडा आणि उर्वरित महाराष्ट्र या तीन विकास मंडळांची मुदत 30 एप्रिल 2020 ला संपली, मग त्यांची कार्यालयं कशाला पोसायची? विचारणाऱ्याला बहुधा ‘बंदच करायला हवीत हो’ एवढंच ऐकायचं असतं.

माझं उत्तर जरा लांबतं. अशा छोट्या, दुसऱ्याच्या कामाला आधार म्हणून उभ्या केलेल्या कार्यालयांचे हिशेब मी तपासले आहेत. कोणती कार्यालयं ते सोडा, चित्र सगळीकडे सारखंच. अनुदानाची नोंदवही उघडली की उद्दिष्ट शीर्ष (खर्चाच्या प्रकाराचा क्रमांक) 01, वेतन, तिथे पैसा जवळजवळ पूर्ण खर्ची पडलेला. 13, कार्यालयीन खर्च, जेमतेम. आणि 11, प्रवास खर्च? तरतूद मुळातच तुटपुंजी, त्यातलीही सुधारित अंदाजात कापलेली. मग मार्चअखेरीस उरलंसुरलं संपवायला टोनर आणि खुर्च्या. डेडस्टॉक रजिस्टरमध्ये, म्हणजे टिकाऊ सामानाच्या नोंदवहीत, खुर्च्या वाढत जातात आणि बसणाऱ्यांची पदं रिक्त राहतात.

आता विकास मंडळाच्या कार्यालयाचं काम काय होतं ते पाहा. 1956 च्या सातव्या घटनादुरुस्तीने अनुच्छेद 371(2) आलं. त्यात या तीन विभागांसाठी मंडळं, त्यांच्या कामाचा दरवर्षी विधानसभेपुढे अहवाल आणि विकासखर्चाचं न्याय्य वाटप, ही राज्यपालांची विशेष जबाबदारी म्हणून सोपवता येते. मंडळं प्रत्यक्षात आली 1 मे 1994 ला. मधल्या काळात अर्थतज्ज्ञ वि. म. दांडेकरांच्या समितीने 1984 मध्ये अनुशेष, म्हणजे मागे पडलेल्या जिल्ह्यांना राज्याच्या सरासरीला आणायला लागणारा खर्च, काढला होता 3,186.78 कोटींचा. पुढे निर्देशांक व अनुशेष समितीने 1994 ची स्थिती धरून तो काढला, तेव्हा आकडा 14 हजार कोटींवर गेला. कुठल्या जिल्ह्यात राज्याच्या सरासरीपेक्षा सिंचन किती कमी, हातपंप किती, शाळाखोल्या किती, हे कुणीतरी सतत मोजायला हवं, आणि मोजलेलं राज्यपालांपर्यंत पोहोचवायला हवं. मंडळाचं ऑफिस म्हणजे हे मोजणारे हात.

कागदावरचं सिंचन आणि बांधावरचं सिंचन यांतला फरक टेबलावर बसून कळत नाही. अकोला, वाशीम, बुलडाणा, अमरावती या जिल्ह्यांचा सिंचन अनुशेष वर्षानुवर्षं रेंगाळला. निधी दिल्याचे आकडे होते, पण प्रत्यक्षात भिजलेली हेक्टरं मात्र मागेच राहिली. ती जाऊन पाहायची तर जीप लागते, डिझेल लागतं, संशोधन सहायक लागतो. सहायकाचा पगार सोडला तर हा फिरण्याचा खर्च वेतनाबाहेरच्या शीर्षांत बसतो. तेच कापायचं आणि आढाव्यात शेरा मारायचा की ‘खर्चाच्या तुलनेत फलनिष्पत्ती अल्प’. असे शेरे पाहिले की मला खरंच चीड येते.

म्हणजे मंडळं निर्दोष होती असं नाही. काही वर्षं त्यांना विशेष निधी मिळायचा, त्यातून छोटीमोठी कामं निघायची. माझ्या मते ती चूक होती. वाटप नीट होतंय का हे पाहणाऱ्यानेच वाटायला बसणं म्हणजे पंचाने मधेच बॅट हातात घेण्यासारखं आहे. निधी आला की शिफारसपत्रं येतात, शिफारसपत्रं आली की अनुशेषाचा तक्ता बाजूला पडतो. तो निधी गेला याचं मला दुःख नाही.

खरी अडचण कारभाराची आहे. सदस्य सचिव सरकारी अधिकारी, त्याची बदली सरकारच्या हातात, त्याचं बजेट नियोजन विभागामार्फत. आणि त्याने तपासायचं काय, तर सरकारचंच वाटप. मंडळाचे अध्यक्ष, तज्ज्ञ सदस्य असताना निदान बैठकीत कुणी जाब विचारायचं, इतिवृत्तात ते नोंदलं जायचं. मंडळच नाही म्हटल्यावर तो सचिव टिप्पणी कुणाला सादर करणार? सप्टेंबर 2022 मध्ये राज्य मंत्रिमंडळाने मंडळांच्या पुनर्गठनाला मंजुरी दिली. पण मधल्या काळात कर्मचारी होते, पगार होत होते, आणि कामाची फाइल मात्र वर जाऊन थांबत होती. यात त्या कारकुनांचा काय दोष?

तेव्हा आढावा घ्यायचाच असेल तर मी सुरुवात खर्चाच्या टक्केवारीपासून करणार नाही. पहिल्यांदा विचारीन की गेल्या वर्षी या कार्यालयाने किती तालुक्यांत जाऊन आकडे पडताळले. तालुकेच, कारण प्रादेशिक असमतोलाचा अभ्यास करणाऱ्या केळकर समितीने 2013 च्या अहवालात जिल्ह्याऐवजी तालुका हा एकक धरला होता, आणि तेच बरोबर आहे. पुण्यासारख्या जिल्ह्याच्या सरासरीत वेल्ह्यासारखा डोंगराळ तालुका दिसतच नाही. अभ्यासासाठी वेगळं शीर्ष मागीन, ज्यातला पैसा वेतनाकडे वळवता येणार नाही. आणि सदस्य सचिवाला ठरावीक मुदत.

बंदच करायचं म्हणाल तर घटनेची आडकाठी नाही. 371(2) मध्ये राष्ट्रपती असा आदेश काढू शकतात एवढंच आहे. त्याच कलमात सौराष्ट्र आणि कच्छचंही नाव आहे आणि गुजरातने मंडळं स्थापनच केली नाहीत. फक्त कार्यालय बंद करण्याच्या प्रस्तावात एक ओळ असावी, की यापुढे तालुक्यांचे आकडे कोण पडताळणार आणि कुणाला देणार. जिल्हा नियोजन समिती म्हणाल, तर तिच्यापुढे शेजारच्या जिल्ह्याचा तक्ता येतच नाही.