टोलनाक्यावर मोजलेली रात्र

२०१३ चा डिसेंबर. मी तेव्हा एका बँकेत प्रोजेक्ट लोन बघायचो आणि मराठवाड्यातल्या एका बीओटी रस्त्याचं, म्हणजे खाजगी कंपनीनं बांधून टोलमधून पैसे वसूल करायचे आणि मग सरकारला परत द्यायचा अशा रस्त्याचं, खातं माझ्याकडे होतं. टोल सुरू होऊन आठ महिने झालेले, पण एस्क्रोत, म्हणजे टोलची वसुली जमा होते त्या खात्यात, जेमतेम व्याजापुरतेही पैसे येत नव्हते. साहेब म्हणाले, जाऊन ये, स्वतः गाड्या मोज.

मग मी आणि आमच्या इंजिनिअर कन्सल्टंटचा एक पोरगा, संध्याकाळी सहापासून वही घेऊन नाक्यावर बसलो, थंडी अशी की पेन चालेना. डीपीआरमध्ये, म्हणजे प्रकल्पाच्या मूळ अहवालात, धरलेल्या ट्रॅफिकच्या निम्मंही येत नव्हतं, ट्रक तर नाहीतच, आणि टोलचा खरा पैसा ट्रकचाच असतो. रात्री दोनला चहावाले काका म्हणाले, "ट्रक बघायचेत ना, मग हितं कशाला बसलाय? कारखान्यामागच्या रस्त्यानं जात्यात सगळे." त्यांच्याच बाईकवर गेलो. उसाच्या फडांमधून ट्रकच्या दिव्यांची लाइन लागलेली आणि गावचा तो बिचारा रस्ता पार उखडलेला. हा रस्ता नकाशात होता की! कर्ज मंजूर करताना आम्ही कुणीच विचारलं नाही.

सकाळी तिथल्या आमच्याच शाखेत हातपाय धुवायला गेलो तर काउंटरवर एक रिटायर्ड गुरुजी एफडी रिन्यू करत होते, एका वर्षासाठी, वय झालं आता लांब नको म्हणाले. मला गलबलून आलं. आयसीआयसीआय २००२ ला आणि आयडीबीआय २००४ ला बँक झाल्यावर लांब मुदतीचं कर्ज देणाऱ्या जुन्या मोठ्या संस्था उरल्या नाहीत आणि अकराव्या पंचवार्षिक योजनेत, म्हणजे २००७ ते १२, पीपीपीचा, म्हणजे सरकार-खाजगी भागीदारीचा, जोर वाढला तेव्हा तो भार आमच्यासारख्या बँकांवर आला. गुरुजींचं एक वर्षाचं डिपॉझिट आणि रस्त्याचं १५ वर्षांचं कर्ज!

खातं पुढे एनपीए झालं, म्हणजे कर्ज थकलं. असे बरेच रस्ते अडकले, मग खाजगी बोली आटल्या आणि २०१६ पासून हॅम (हायब्रिड अॅन्युइटी मॉडेल) आलं, म्हणजे ४० टक्के खर्च सरकार बांधकाम चालू असतानाच देतं आणि उरलेला नंतर हप्त्यांनी. केंद्राचं भांडवली बजेट, म्हणजे रस्ते-रेल्वेसारख्या कामांवरचं, २०२३-२४ ला १० लाख कोटींवर गेलं. मला हे बरंच वाटतं, ठेवीदारांवरचा धोका कमी झाला. पण ट्रक मागच्या रस्त्यानं गेले तरी कंत्राटदाराचा हप्ता सरकारला द्यावाच लागतो, तेव्हा गाड्या रात्री दोनलाही मोजा आणि चहावाल्याला विचारा.