द्राक्षाच्या चोथ्यामागे विंचूरपर्यंत

नाशिकहून निफाडमार्गे विंचूर सव्वा ते दीड तासावर. वाइन पार्कात येणारे बहुतेक जण चव घ्यायच्या दालनाकडे वळतात. ही फेरी वायनरीच्या मागच्या आवाराची होती, जिथे दाबून निघालेला चोथा पडतो. तो पाहायचा तर जानेवारी ते मार्च, क्रशिंग (द्राक्षं चिरडणं) चालू असतानाच जावं. एप्रिलनंतर आवार रिकामं असतं. आधी फोन करून परवानगी घ्या आणि बंद बूट घाला, कारण कॉस्टिक सोड्याने धुतलेली फरशी फार निसरडी असते. आंबवण्याच्या टाकीत डोकावू नका. तिथे साचणारा कार्बन डायऑक्साइड हवेपेक्षा जड असतो आणि एकदोन श्वासांत माणूस बेशुद्ध पडू शकतो.

हवामानाच्या हिशेबात मात्र हा वायू निरुपद्रवी. वेलीने तो हवेतूनच घेतलेला असतो. खरी गफलत चोथ्याच्या ढिगात होते. एक टन द्राक्षांमागे साधारण २०० किलो ओला चोथा निघतो. तो तसाच उंच रचला की आतली हवा संपते आणि मिथेन तयार होतो, जो १०० वर्षांच्या हिशेबात कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे २८ पट उष्णता धरतो.

पांढऱ्या वाइनचा चोथा आंबवण्याआधीच दाबलेला, म्हणून त्यात साखर उरते. दोन दिवस पडून राहिला की आंबट वास आणि चिलटं. लाल वाइनचा चोथा टाकीत आंबून आलेला असतो, तो थोडा दम धरतो. दोन्ही आम्लधर्मी, त्यामुळे नुसत्या चोथ्याचं खत नीट सुरूच होत नाही. तीन भाग चोथ्याला एक भाग शेण आणि कापलेले देठ मिसळायचे. देठ फेकू नयेत. ढिगात हवा खेळती राहते ती त्यांच्यामुळेच.

ढीग दीड मीटरपेक्षा उंच नको. मूठभर माल घट्ट दाबा: बोटांतून एकदोन थेंब आले तर ओल बरोबर, धार लागली तर सुका पालापाचोळा घाला. लांब दांड्याचा तापमापक मध्यापर्यंत खुपसून ५५ ते ६५ अंश दिसले पाहिजेत. ६५ च्या वर गेलं की लगेच उलथवा, एरवी आठवड्यातून एकदा. तापमान चढतच नसेल तर बहुतेक वेळा ओल जास्त किंवा शेण कमी. प्लास्टिकने घट्ट झाकलेला ढीग दिसला, तर तो किती दिवस तसाच आहे हे जरूर विचारा.

तीन-चार महिन्यांत खत तयार होतं. बिया टणक, त्या लवकर कुजत नाहीत. चाळून पुढच्या ढिगात टाकायच्या. हे खत पालाशाने (पोटॅशने) समृद्ध असतं आणि बाहेरून आणलेलं पोटॅश विकत घेणाऱ्या द्राक्षबागांनाच ते परत जावं, हे आम्हाला सर्वांत पटलं. बागेत बोर्डो मिश्रण, म्हणजे मोरचूद आणि चुन्याचं बुरशीनाशक, फवारतात, म्हणून प्रयोगशाळेत तांबं तपासून घ्या. सेंद्रिय खताला मर्यादा किलोमागे ३०० मिलिग्रॅम आहे.

सांडपाण्याची समतोल टाकीही पाहून या; प्रक्रियेआधी वेगवेगळं सांडपाणी तिथे एकत्र मिसळतं. दाबणीच्या दिवशी तिथला सामू (पीएच) ४ च्या आसपास असतो, कॉस्टिकची धुलाई झाली की १० च्या वर उडतो. टाकी लहान असेल तर हा झटका थेट सांडपाणी शुद्ध करणाऱ्या जिवाणूंना बसतो आणि पुढची सगळी प्रक्रिया कोलमडते. किमान एक दिवसाचं पाणी तिथे मावतं का, एवढं विचारलं तरी पुरे.